मेश वायफाय आणि आयपीची टक्कर: घरात पत्ते देणारा एकच हवा

घरात मेश, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारे दोन-तीन जोडलेले डबे, बसवलं की सुरुवातीला सगळे खूश असतात. मागच्या बेडरूममध्ये रेंज येते, गच्चीवर येते, जिन्याखालच्या कोपऱ्यातही येते. मग हळूहळू तक्रारी सुरू होतात आणि त्या विचित्र असतात. प्रिंटर सकाळी चालतो, संध्याकाळी ‘ऑफलाइन’ दाखवतो. टीव्ही लावला की कुणाचा तरी व्हिडिओ कॉल अडकतो. एकाच खोलीत, एकाच वायफायवर दोन फोन असतात. एकावर नेट असतं, दुसऱ्यावर ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. रेंजच्या काड्या मात्र दोन्हीकडे पूर्ण. राउटर बंद करून चालू केला की सगळं सुरळीत होतं आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

काड्या पूर्ण असताना असं होत असेल तर रेंजचा नाद सोडा. आणखी एक डबा विकत आणून हे सुटणार नाही, उलट वाढेल. अशा घरांत दोष बहुतेक वेळा पत्त्यांचा असतो: दोन उपकरणांना एकच आयपी पत्ता मिळालेला असतो, किंवा घरात पत्ते देणारे दोघे झालेले असतात. हे शोधायला इंजिनिअर लागत नाही. एक लॅपटॉप, एक फोन आणि थोडा निवांत वेळ पुरतो. पण आत काय चालतं ते आधी समजून घेतलं, तर शोध निम्मा सोपा होतो.

पत्ता कोण देतं आणि टक्कर कशी होते

आयपी पत्ता म्हणजे ठिपक्यांनी जोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. ही रचना १९८१ सालची. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात आणि जगातल्या सगळ्या उपकरणांना ते पुरत नाहीत. म्हणून काही पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे सगळे पत्ते त्यात येतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने हे ठरलं. त्यामुळे तुमच्या फोनचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या टीव्हीचाही तोच असेल, तर काहीच बिघडत नाही. हे पत्ते घराबाहेर जात नाहीत. पण एका घरात, एका नेटवर्कवर, एक पत्ता एकाच उपकरणाचा असला पाहिजे.

हा पत्ता देण्याचं काम राउटरमधली डीएचसीपी नावाची सेवा करते. फोन वायफायला जोडला गेला की तो नेटवर्कवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा पद्धतीने विचारतो, ‘इथे पत्ता कोण देतं?’ डीएचसीपी उत्तर देते, ‘हा घे.’ फोन म्हणतो, ‘मग हाच घेतो.’ डीएचसीपी त्यावर शिक्कामोर्तब करते. चार निरोपांत काम होतं. पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि मुदत साधारण निम्मी संपली की उपकरण तो वाढवून मागतं. याच वेळी फोनला आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळते: गेटवे, म्हणजे बाहेर जायचं तर कुणाकडे जायचं त्याचा पत्ता. हा गेटवे लक्षात ठेवा, पुढे सगळा तपास त्याच्याभोवती फिरणार आहे.

आयपीखेरीज प्रत्येक उपकरणाला मॅक पत्ता असतो. तो बारा अक्षर-अंकांचा असतो आणि डब्याच्या मागच्या स्टिकरवर छापलेला सापडतो. घरातल्या घरात माहिती पोचते ती खरं तर या मॅक पत्त्यावर. लॅपटॉपला १९२.१६८.१.५० कडे काही पाठवायचं असेल तर तो आधी सगळ्यांना विचारतो, ‘हा पत्ता कुणाचा आहे?’ ज्याचा असेल तो आपला मॅक सांगतो आणि लॅपटॉप ती जोडी काही काळ लक्षात ठेवतो. या विचारपूशीला एआरपी म्हणतात. ही पद्धत १९८२ पासून जशीच्या तशी चालू आहे.

आता समजा १९२.१६८.१.५० हा पत्ता प्रिंटरनेही धरला आहे आणि एका कॅमेऱ्यानेही. लॅपटॉपने विचारलं की दोघंही ‘माझा’ म्हणतात. ज्याचं उत्तर लॅपटॉपच्या नोंदीत बसतं, त्याच्याकडे माहिती जाते. थोड्या वेळाने नोंद बदलते आणि माहिती दुसरीकडे वळते. प्रिंटरला पाठवलेलं पान कॅमेऱ्याच्या दारात जाऊन पडतं, कॅमेऱ्याला त्यातलं काही कळत नाही, आणि तुम्हाला दिसतं ‘प्रिंटर ऑफलाइन’. दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, त्याचं कारण हेच.

चांगली उपकरणं या बाबतीत समजूतदार असतात. पत्ता वापरायला लागण्यापूर्वी ती विचारून बघतात की कुणी आधीच हा घेतला आहे का. तसं आढळलं तर पत्ता नाकारतात आणि दुसरा मागतात. विंडोज संगणक तर टक्कर झाल्याचा संदेशही पडद्यावर दाखवतो. म्हणजे डीएचसीपीकडून पत्ता घेणाऱ्या उपकरणांमधली टक्कर बहुधा आपोआप मिटते. जिथे ती मिटत नाही, वारंवार होते, तिथे जवळपास नेहमी असं एखादं उपकरण असतं ज्याला पत्ता हाताने लिहून दिलेला आहे. ते कुणाला विचारत नाही आणि मागेही हटत नाही. तपासाची पहिली दिशा हीच.

हाताने दिलेले पत्ते

आपल्याकडच्या घरांत हे सगळ्यात जास्त सापडतं सीसीटीव्हीत. कॅमेरेवाला येतो, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) लावतो, मोबाइलवर चित्र दिसलं पाहिजे म्हणून त्याला एक कायमचा पत्ता देऊन जातो. तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातलाच असतो आणि राउटरला याची खबर नसते. तो तोच पत्ता पुढे कधीतरी पाहुण्याच्या फोनला देऊन मोकळा होतो. नव्या कॅमेऱ्यांचीही गंमत बघण्यासारखी आहे: हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांना कारखान्यातूनच १९२.१६८.१.६४ हा पत्ता असतो आणि दाहुआच्या कॅमेऱ्यांना १९२.१६८.१.१०८. एकाच कंपनीचे दोन नवे कॅमेरे पत्ता न बदलता एकदम जोडले तर ते एकमेकांवरच आदळणार.

दुसरं ठिकाण फोन. जुन्या अँड्रॉइडमध्ये वायफायचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) बदलायचा तर आयपी सेटिंग ‘स्टॅटिक’ करावी लागायची. गेमचा वेग वाढवायचा म्हणून व्हिडिओ बघून हे करणारी मुलं खूप आहेत. तिथे आयपीच्या रकान्यात नमुना म्हणून फिकट अक्षरांत १९२.१६८.१.१२८ दिसतं, आणि बहुतेक जण तेच टाकतात. दोन भावांनी एकच व्हिडिओ बघितला की घरात एका पत्त्याचे दोन फोन तयार. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ची वेगळी सोय आहे, त्यामुळे आता स्टॅटिक करायची गरजच उरलेली नाही. घरातले सगळे फोन एकदा तपासा आणि ‘स्टॅटिक’ दिसलं तिथे ‘डीएचसीपी’ करा. यासारखा सोपा उपाय दुसरा नाही.

प्रिंटर, सोलर इन्व्हर्टरचा वायफाय डोंगल, कार्यालयातून आलेला लॅपटॉप ही आणखी काही ठिकाणं.

लाइट जाण्याचाही यात हात असतो. डीव्हीआर आणि नेटवर्कचा स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारा डबा) इन्व्हर्टरवर असतात, राउटर नसतो. लाइट येते तेव्हा राउटर नव्याने सुरू होतो आणि काही राउटर आधीच्या वाटपाची नोंद विसरतात. डीव्हीआरची केबल स्विचला लागलेलीच होती, त्यामुळे पलीकडचा राउटर मधे बंद पडला होता हे त्याला कळत नाही. तो जुनाच पत्ता धरून बसतो. नव्याने सुरू झालेला राउटर तो मोकळा समजून दुसऱ्याला देतो. लाइट जाऊन आली की काहीतरी बिघडतं असा ज्यांचा अनुभव आहे त्यांनी राउटरलाही छोटा यूपीएस लावावा.

मेशचा खास घोळ: दोन देणारे

आता मूळ मुद्दा. मेश येण्याआधी घरात फायबरचा एकच बॉक्स होता. तोच राउटर, तोच वायफाय, तोच पत्ते देणारा. मेश आलं की त्याचा मुख्य डबा त्या बॉक्सला केबलने जोडला जातो, आणि बहुतेक मेश विकत आणल्यावर राउटर म्हणूनच सुरू होतात. म्हणजे घरात आता पत्ते देणारे दोघे आहेत. वेगवेगळ्या दोन तलाठ्यांनी एकाच जमिनीचे दोन सातबारे काढावेत तशी ही अवस्था आहे: प्रत्येकाची नोंद त्याच्या दप्तरात बरोबर आहे, आणि भांडण बांधावर होतं.

दोघे असणं हा आपोआप दोष नाही. मेशचा मुख्य डबा राउटर असेल तर तो आपलं आतलं नेटवर्क फायबर बॉक्सच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवतो. आतले पत्ते तो देतो, बाहेरचे बॉक्स देतो, मधे भिंत असते. घोळ होतो तो दोन प्रकारे.

पहिला प्रकार: भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच पट्टा. बॉक्सही १९२.१६८.१ चे पत्ते देतो आणि मेशही. मग मुख्य डब्याला कळतच नाही की १९२.१६८.१.१ म्हणजे तो स्वतः की बाहेरचा बॉक्स. नेट एकतर लागत नाही, लागलं तर बॉक्सचं पान उघडत नाही. मेश कंपन्यांनी यावर उपाय म्हणून सहसा कुणी वापरत नाही असे पट्टे निवडले आहेत. टीपी-लिंकच्या डेकोचा पत्ता बहुधा १९२.१६८.६८.१ असतो, गुगलच्या मेशचा १९२.१६८.८६.१, ईरोचा १९२.१६८.४.१. जिओफायबरचा बॉक्स १९२.१६८.२९.१ वर असतो. आपल्याकडच्या इतर बऱ्याच फायबर बॉक्सचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि साध्या राउटरमध्ये १९२.१६८.०.१ हाही खूप दिसतो. तुमच्या दोन डब्यांचे पहिले तीन आकडे सारखे असतील तर मेशच्या ॲपमधून त्याचा पट्टा बदला. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा प्रकार जास्त छुपा आहे आणि तो मला वारंवार दिसतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. भिंतीला भोक पडलेलं असतं.

एका परिचितांच्या दुमजली घराचं उदाहरण घ्या. फायबरचा बॉक्स खाली हॉलमध्ये. घर बांधतानाच हॉलमधून वरच्या खोलीत नेटची केबल टाकून ठेवलेली. मेश आलं तेव्हा मुख्य डबा हॉलमध्ये बॉक्सशेजारी ठेवला. दुसरा डबा वरच्या खोलीत, आणि केबल आयतीच आहे तर ती त्याला लावली. उद्देश चांगला होता: दोन डबे वायफायने बोलण्यापेक्षा केबलने बोलले तर वेग जास्त मिळतो, हे खरंच आहे. पण त्या केबलचं खालचं टोक मुख्य डब्यात नव्हतं, ते अजूनही फायबर बॉक्समध्येच होतं.

यात काय झालं बघा. मेशचा दुसरा डबा स्वतः राउटर नसतो. तो फक्त आपल्याकडे आलेलं पुढे पोचवतो, वायफायवरचं केबलवर आणि केबलवरचं वायफायवर. एका बाजूने तो हवेतून मुख्य डब्याशी जोडलेला, दुसऱ्या बाजूने केबलने थेट बॉक्सशी. म्हणजे आतलं आणि बाहेरचं नेटवर्क त्याने वरच्या मजल्यावर एकत्र करून टाकलं. वर कुणी फोन जोडला की ‘पत्ता कोण देतं?’ हा प्रश्न दोघांच्याही कानावर जातो. ज्याचं उत्तर आधी येईल तो जिंकतो. त्या घरात खालच्या फोनचा गेटवे १९२.१६८.६८.१ दिसत होता आणि वरच्या फोनचा कधी तोच, तर कधी १९२.१६८.१.१. बॉक्सकडून पत्ता मिळालेल्या फोनवर नेट चालायचं, पण खालच्या टीव्हीवर फोटो दाखवता यायचे नाहीत आणि प्रिंटर सापडायचा नाही. तोच फोन घेऊन जिना उतरलं की काहीच चालायचं नाही. केबलचं खालचं टोक बॉक्समधून काढून मुख्य डब्याच्या मोकळ्या पोर्टमध्ये लावलं, सगळे डबे एकदा बंद-चालू केले, आणि प्रश्न संपला. एका केबलची जागा चुकली होती, बाकी काही नाही.

म्हणून नियम पक्का धरा: मुख्य डबा राउटर असेल तर फायबर बॉक्समध्ये मुख्य डब्याची एकच केबल जाईल. बाकी सगळं, म्हणजे इतर डबे, स्विच, टीव्ही, डीव्हीआर, मुख्य डब्याच्या पुढे.

याचंच भावंड म्हणजे जुना राउटर. टाकून कशाला द्यायचा म्हणून तो मागच्या खोलीत लावला जातो, केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या भोकात, खुपसली जाते आणि त्याची डीएचसीपी चालूच राहते. जवळच्या उपकरणांना तो पत्ते देत बसतो, गेटवे म्हणून स्वतःचं नाव सांगतो, आणि त्याच्या मागे इंटरनेट नसतंच. ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’चं हे अगदी नेहमीचं कारण. जुना राउटर वापरायला हरकत नाही, पण आधी त्याची डीएचसीपी बंद करा आणि त्याला स्वतःला वाटपाबाहेरचा पत्ता द्या.

शोधायचं कसं

आधी एक चाळणी लावा. या खोलीतून त्या खोलीत जाताना नेट काही क्षण तुटतं आणि परत येतं, तर तो पत्त्यांचा प्रश्न नाही. फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर जायला वेळ घेतो आहे, त्याचा उपाय वेगळा. एक उपकरण चालू केल्यावर दुसरं पडतं, किंवा जागेवर बसल्या बसल्या तुटतं, तर पुढे वाचा.

एक चालणारा आणि एक न चालणारा फोन शेजारी ठेवा. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या नावापुढच्या चाकावर आणि आयफोनमध्ये नावापुढच्या गोल चिन्हावर टिचकी मारली की आयपी पत्ता आणि गेटवे दिसतो. विंडोज लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाका, अर्थात इंग्रजी अक्षरांत. आता तुलना करा. गेटवे वेगवेगळे असतील तर घरात देणारे दोन आहेत. न चालणाऱ्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला कुणीच पत्ता दिला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. अशा वेळी डीएचसीपी बंद आहे का, किंवा तिचे पत्ते संपलेत का ते बघा. गेटवे सारखे आणि पत्तेही नीट असतील, पण एकच उपकरण पुन्हा पुन्हा पडत असेल, तर त्याच्या पत्त्यावर दुसरं कुणीतरी बसलं आहे.

ते कोण, हे शोधायची युक्ती साधी आहे. प्रिंटरचा संशय आहे ना? त्याचा पत्ता लिहून घ्या, समजा १९२.१६८.१.५०, आणि प्रिंटरचं बटण बंद करून प्लगच काढा. काही मिनिटं थांबा, म्हणजे लॅपटॉपच्या आठवणीतली जुनी नोंद जाईल. मग लॅपटॉपवर ‘पिंग’ लिहून पुढे तो पत्ता टाका. प्रिंटर तर मेलेला आहे. तरीही उत्तर आलं, तर ते दुसऱ्याचं आहे. लगेच ‘एआरपी’, मोकळी जागा, आडवी रेघ आणि ‘ए’ एवढं टाका. घरातल्या आयपी पत्त्यांसमोर त्यांचे मॅक पत्ते लिहिलेली यादी येते. त्यात .५० च्या ओळीत जो मॅक आहे तो प्रिंटरच्या स्टिकरवरच्या मॅकशी ताडून बघा. काही उपकरणं पिंगला उत्तर देत नाहीत, पण या यादीत मात्र येतात, म्हणून पिंग गप्प राहिला तरी यादी बघायचीच.

मॅकची पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची ओळख असतात. नेटवर ती शोधली किंवा फोनवर फिंगसारखं ॲप लावलं की कॅमेरा आहे, टीव्ही आहे की स्मार्ट बल्ब ते कळतं. अपवाद फोनचा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक वापरतात, माग काढता येऊ नये म्हणून. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा असाच एखाद्या फोनचा किंवा लॅपटॉपचा आहे असं समजा.

दुसरा देणारा नेमका कुठला डबा आहे हे कळत नसेल तर याहून सरळ उपाय आहे. चुकीचा गेटवे मिळालेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो गेटवे टाका. लॉगिनचं पान उघडतं आणि त्यावर डब्याचं नाव किंवा मॉडेल असतं. अनेक घरांत हे पान बघितल्यावर ‘अरे, हा तर माळ्यावरचा जुना’ असं कळतं.

एकच देणारा ठरवा

शोध संपला की निर्णय घ्यायचा. पर्याय तीन आहेत.

पहिला: पत्ते फायबर बॉक्सच देईल आणि मेश ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये जाईल. मेश मग फक्त वायफाय पसरवतं. घरात आधीपासून सीसीटीव्ही, प्रिंटर वगैरे बॉक्सच्या पट्ट्यात बसलेले असतील तर मी हेच सुचवतो, कारण कुठलंच उपकरण हलवावं लागत नाही. केबल कुठल्याही डब्यातून कुठेही गेली तरी भिंतीला भोक पडायचा प्रश्नच येत नाही, कारण भिंतच नसते. बदल्यात मेशच्या ॲपमधल्या काही सोयी जातात, जसं मुलांच्या फोनला वेळेची मर्यादा घालणं. एक अडचण लक्षात ठेवा: गुगलच्या मेशमध्ये मुख्य डबा या मोडमध्ये (गुगल त्याला ‘ब्रिज मोड’ म्हणतं) टाकला तर बाकीचे डबे त्याला जोडता येत नाहीत. ते ज्यांच्याकडे आहे त्यांनी दुसरा किंवा तिसरा पर्याय घ्यावा.

दुसरा: फायबर बॉक्स ‘ब्रिज मोड’मध्ये जाईल, म्हणजे तो फक्त फायबरचं केबलमध्ये रूपांतर करेल आणि पत्ते मेश देईल. तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. मात्र कंपनीची मदत लागते, त्याबद्दल शेवटी सांगतो.

तिसरा: दोघंही राउटर राहतील, पण पट्टे वेगळे. यात ‘डबल नॅट’ होतं, म्हणजे बाहेर जाताना पत्त्यांची अदलाबदल एकदाऐवजी दोनदा होते. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. ऑनलाइन गेम, बाहेरून डीव्हीआर बघणं अशा गोष्टींत अडथळा येऊ शकतो. हा मार्ग घेतला तर बॉक्सचं स्वतःचं वायफाय बंदच करा, नाहीतर घरातली माणसं नकळत भिंतीच्या दोन बाजूंना वाटली जातात आणि एकाचा फोन दुसऱ्याच्या टीव्हीला सापडत नाही.

यानंतर कायमच्या पत्त्याची गरज असलेल्या उपकरणांकडे वळा. उपकरणात जाऊन पत्ता लिहू नका. उपकरण डीएचसीपीवर ठेवा आणि देणाऱ्याच्या ॲपमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करा: या मॅकला नेहमी हाच पत्ता. मग नोंद एकाच दप्तरात राहते आणि टक्कर संभवत नाही. फोनला असं राखून द्यायचं असेल तर त्या वायफायपुरता त्याचा बनावट मॅक बंद किंवा कायम ठेवावा लागतो, नाहीतर मॅक बदलला की राखीव पत्ता गेला. एखादा जुना डीव्हीआर डीएचसीपी मानतच नसेल तर त्याच्यासाठी जागा मोकळी करा: वाटपाचा पट्टा .१०० ते .१९९ एवढाच ठेवा आणि डीव्हीआरला .२० सारखा त्याबाहेरचा पत्ता द्या.

हे सगळं झालं की घरातलं प्रत्येक उपकरण एकदा बंद-चालू करा. रोजचा दोष झाकायला केलेलं बंद-चालू मला पटत नाही, कारण त्याने खरा दोषी लपतो. पण रचना बदलल्यावर सगळ्यांनी नव्याने पत्ता मागावा म्हणून ते करायलाच हवं.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. ऑफिसचं व्हीपीएन लागतं, पण ऑफिसचा सर्व्हर काही केल्या उघडत नाही, असं होत असेल तर घरचा आणि ऑफिसचा पट्टा एकच आहे का बघा. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर लॅपटॉप ऑफिसच्या सर्व्हरला घरातच शोधत बसतो. घरचा पट्टा १९२.१६८.७३ असा आडवळणाचा करून टाका. ऑफिसचा बदलणं तुमच्या हातात नाही.

कंपनीला फोन करताना

‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर फायबरवाला येईल, बॉक्स बंद-चालू करेल, वेग मोजून दाखवेल आणि जाईल. त्याऐवजी सांगा: ‘मला माझा राउटर लावायचा आहे, तुमचा बॉक्स ब्रिज मोडला टाकून द्या.’ काही कंपन्या हे देत नाहीत. नाही म्हणाले तर पहिला किंवा तिसरा पर्याय आहेच. हो म्हणाले तर तो माणूस घरात असेपर्यंत चार गोष्टी विचारून घ्या. कनेक्शन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लागणारं) आहे का, आणि असेल तर युजरनेम आणि पासवर्ड काय, कारण आता ते मेशच्या मुख्य डब्यात भरायचे आहेत. व्हीलॅन क्रमांक, म्हणजे कनेक्शनची वाहतूक वेगळी ओळखायला कंपनी देते तो आकडा, आहे का. तो असेल आणि भरला नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही नेट लागत नाही. त्याच बॉक्सवर लँडलाइन किंवा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स असेल तर ब्रिज केल्यावर ते चालू राहणार का. आणि बॉक्सच्या चार पोर्टपैकी ब्रिज केलेलं पोर्ट कुठलं, कारण बरेचदा एकच केलेलं असतं. मुख्य डब्याची केबल त्याच पोर्टमध्ये जायला हवी. त्या पोर्टवर त्याच्यासमोरच पेनाने खूण करून ठेवा.